गार्डमधली पाचर

कपाटाला नव्या फळ्या बसवायला पुतण्या आला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारलं ते चहाचं. बोलायचं खरं वेगळंच होतं. पण तोंडापर्यंत आलेलं गिळून टाकायची मला जन्माची सवय.

त्याने विजेची करवत टेबलावर ठेवली आणि माझी नजर खालच्या गार्डवर गेली. हे गार्ड म्हणजे पात्यावरचं अर्धगोल झाकण. कापताना ते मागे सरतं आणि कापून झालं की स्प्रिंगने परत पातं झाकतं. इथे ते झाकत नव्हतं. फटीत बोटभर लाकडाची पाचर ठोकून ते उघडंच अडकवलेलं होतं.

अशीच पाचर मी वीस वर्षांपूर्वी पाहिली होती, दादाच्या, म्हणजे याच्या वडिलांच्या, करवतीत. त्या दिवशी दादाच्या कारखान्यात मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. पाचर सकाळीच दिसली. बोलावंसं वाटलं. पण ज्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही, त्याने सुताराला काय शिकवावं? दुपारी दादाने फळी कापली, स्विच सोडला आणि पातं थांबायच्या आत पडलेला तुकडा उचलायला वाकला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. घरी त्याने सांगितलं, लाकडात गाठ होती, करवत उसळली. मीही मान डोलावली. पुतण्या तेव्हा परगावी शिकत होता. आता दादा नाही. खरं काय झालं ते मला एकट्यालाच माहीत आहे.

"काका, जरा लांब. भुसा उडेल. आणि हातात काय ते? इथेही पुस्तक?"

"तुझ्या करवतीच्या खोक्यात होतं. माहितीपुस्तिका."

"अरे वा! दहा वर्षांत तिला तुम्हीच पहिले वाचक मिळालात."

त्याने डोळ्यांवर गॉगल चढवला, फळीखाली दोन पट्ट्या सरकवल्या, पात्याचे दात फळीखाली जेमतेम डोकावतील इतकंच पातं खाली घेतलं, वायर खांद्यावरून मागे टाकली. सगळं पुस्तिकेत होतं तस्संच, न वाचता. तेवढी पाचर सोडून. मला वाटलं, ज्याला एवढं कळतं त्याला हेही कळत असेलच. माझा भित्रेपणा नेहमी असाच नम्रतेचं सोंग घेऊन येतो.

त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला. मी पाचर उपटून खिशात टाकली. फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. तो परतला, गार्डकडे बघितलं, जमिनीवरची एक ढलपी उचलली आणि हातोडीचे दोन ठोके दिले. झालं! सुतारकाम चाललेल्या खोलीतून पाचर चोरणं म्हणजे विहिरीतून तांब्याभर पाणी चोरणं.

आणखी एक फळी कापून तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. मी पुन्हा पुढे सरसावलो. ही पाचर घट्ट होती. एका हाताने मूठ धरून दुसऱ्या हाताची बोटं पात्याजवळ घातली आणि ओढू लागलो.

"काका!"

तो धावला तो माझ्याकडे नाही, भिंतीकडे. प्लग उपटला आणि तिथेच फळ्यांच्या ढिगावर बसला.

"अंगठा बघा कुठे आहे तुमचा."

अंगठा स्विचवर होता. पात्याला हात लावण्याआधी प्लग काढा, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं. मी दोनदा वाचलं होतं.

"आयुष्यभर पुस्तकं वाचली, ती याच्यासाठी? पाचर हवी होती तर मागायची. खोलीभर पडल्यात."

प्लग अजून त्याच्या मुठीत घट्ट धरलेला होता. ते पाहून मला बोलता आलं.

"तुझ्या बाबांच्या करवतीतही पाचर होती."

"बाबा तर म्हणाले, गाठ होती."

"गाठ नव्हती. पातं फिरत होतं आणि गार्ड उघडं होतं. मी सकाळपासून बघत होतो."

तो सदऱ्याच्या टोकाने गॉगल पुसत राहिला. गॉगल स्वच्छच होता.

"तुम्ही सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं?"

"छे. हसला असता."

"मग झालं तर."

"पण दादा हसायचा कसा, आठव. हातातलं सगळं खाली ठेवून, कमरेवर हात ठेवून. तो वाकला तेव्हा जरी बोललो असतो, तरी तेवढ्यात पातं थांबलं असतं रे."

तो रागावेल किंवा 'जाऊ द्या' म्हणेल, असं मला वाटलं होतं. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. प्लग सदऱ्याच्या खिशात घातला, पाचर काढली आणि गार्ड सरकवून सोडलं. ते अर्ध्यातच अडकलं.

"म्हणून ही पाचर. लाकडाचा डिंक बसतो, गार्ड अडतं, काम खोळंबतं."

"पुस्तिकेत लिहिलंय, वरचेवर साफ करावं."

"लिहिलं असेल. जुना टूथब्रश आहे का घरात?"

रॉकेल आणि टूथब्रश घेऊन तो तासभर घासत होता, मी बॅटरी धरून उभा होतो. शेवटी फडक्याने कोरडं पुसून त्याने गार्ड ओढून सोडलं. टप्. पुन्हा सोडलं. टप्. मग करवत माझ्यापुढे धरली. मी आधी त्याच्या खिशाकडे पाहिलं.

"आहे, आहे, प्लग इथेच आहे," तो म्हणाला. "बघा ओढून."

उरलेली एकच फळी कापायची होती. कापून झाली, तुकडा खाली पडला आणि तो उचलायला वाकू लागला.

"थांब!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पातं तर केव्हाच झाकलं गेलं होतं. म्हणजे ओरडायची काही गरज नव्हती, आणि मला लाज वाटली.

त्याला हसू फुटलं. पण हसण्याआधी त्याने करवत खाली ठेवली.