एका पिनवर सहा पंखे

मित्रांनो, मी एक काळा, तीन तोंडांचा स्प्लिटर आहे. वयाने फार जुना नाही, पण निकामी झालो आहे. संगणकाच्या डब्यात जे पंखे फिरतात, त्यांना वीज वाटून देणे एवढेच माझे काम. माझे एक टोक मदरबोर्डच्या पिनेला लागते आणि उरलेल्या दोन टोकांना दोन पंखे. मी वीज तयार करत नाही. पिनेतून जेवढी मिळेल तेवढीच पुढे देतो. ही साधी गोष्ट कुणी लक्षात घेतली असती, तर मला आज हे सांगावे लागले नसते.

लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून मी भोईवाड्यातल्या चाळीत आलो. तिथे प्रिती आणि तिचे वडील रामदास राहतात. रामदासांना जन्मापासून ऐकू येत नाही. ते हातांच्या खुणांनी बोलतात, आणि काय सुंदर बोलतात! माझगावच्या एका शाळेतल्या कर्णबधिर मुलांसाठी ते शाळेचे धडे खुणांनी समजावून सांगतात. प्रिती त्याचे व्हिडिओ बनवते. संधिवातामुळे त्यांची बोटे आखडतात, तरी धडा पुरा केल्याशिवाय ते उठत नाहीत.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. दोन पंखे, बेताचा भार. संगणक थंड राही आणि प्रिती खूश असे.

मग उन्हाळा आला. पत्र्याखालची ती खोली भट्टीसारखी तापू लागली. अँटॉप हिलला राहणारा प्रितीचा मामेभाऊ बुद्धभूषण एका रविवारी चार नवे पंखे घेऊन आला. रंगीत दिव्यांचे, जोरात फिरणारे. माणूस मनाने चांगला, पण भारी घाईचा. त्याने माझ्या एका तोंडाला दुसरा स्प्लिटर जोडला, त्याला तिसरा, अशी पाच स्प्लिटरांची माळ केली आणि सहाही पंखे तिच्यात अडकवले.

प्रितीने विचारले, "भूषणदादा, एवढे सगळे एकाच पिनवर चालतील ना?"

"अगं, बिनधास्त लाव! पंखेच आहेत, गिझर थोडीच आहे?"

मला ओरडावेसे वाटले. अरे, प्रत्येक पंख्याच्या पाठीवर तो किती वीज खातो ते लिहिलेले असते. बोर्डाची पिन किती देऊ शकते, ते बोर्डाच्या पुस्तिकेत असते. दोन्ही वाचायला असा किती वेळ लागला असता? तोंडे वाढवली म्हणून पिनेची ताकद वाढत नाही! पण माझे ऐकणार कोण? दिवे लागले, पंखे भिरभिरले आणि भूषणने टाळी वाजवली.

त्या दिवसापासून मी तापत होतो. रोज थोडा जास्त. माझे प्लास्टिक मऊ पडू लागले. हात लावून बघायचे कुणाच्या मनातही आले नाही.

एका दुपारी रामदासांनी पचनसंस्थेचा लांबलचक धडा रेकॉर्ड केला. मध्ये दोनदा त्यांनी बोटे गरम पाण्यात बुडवली. कॅमेऱ्यातला व्हिडिओ संगणकात हलवायला लावून प्रिती नळावर गेली. तेवढ्यात बोर्डाची पिन करपली. मी वितळलो. पंखे थांबले. रामदासांना जळका वास आला. ते धावत आले आणि त्यांनी बटण बंद करून वायर उपसली. म्हणून आग लागली नाही. पण धडा गेला. अर्धा कॅमेऱ्यातून पुसला गेलेला, अर्धा संगणकात तुटलेला.

संध्याकाळी भूषण आला. मला चिमटीत धरून म्हणाला, "फालतू माल आहे, दुसरं काय!"

मित्रांनो, जळण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागले.

प्रिती मात्र पंखे उलटे करून पाठीवरच्या आकड्यांची बेरीज करत बसली होती. ती वर न बघताच म्हणाली, "माल बरोबर होता, दादा. आपण त्याच्यावर दुपटीने भार टाकला. पप्पांची अख्खी दुपार गेली ना!"

भूषणने ते आकडे स्वतः पाहिले. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच एक नवा हब घेऊन आला. हा हब वीज थेट पॉवर सप्लायकडून घेतो आणि बोर्डाला फक्त पंख्यांनी किती वेगाने फिरायचे ते विचारतो. बोर्डाची ती पिन कायमची गेली. हब शेजारच्या पिनेला लावला. दिव्यांचे दोन पंखे प्रितीने काढूनच टाकले.

रामदासांनी पचनसंस्थेचा धडा पुन्हा केला. बोटे दुखत होती, मधे थांबावे लागत होते. धडा संपल्यावर त्यांनी मला उचलले आणि प्रितीला खुणेने म्हणाले, "कॅमेरा चालू ठेव."

माझे वितळलेले टोक त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरून मुलांना दाखवले. मग स्वतःच्या खांद्यावर एकेक ओझे ठेवल्याची खूण करत ते वाकत गेले. पहिल्या ओझ्याला हसले. दुसऱ्याला सरळ उभे राहिले. पुढे गुडघे वाकले, चेहरा पिळवटला, आणि शेवटी ते जमिनीवर बसले. मग त्यांनी बोट पंख्याच्या पाठीकडे नेले, डोळ्यांकडे नेले: आधी वाचा.

मित्रांनो, इतके दिवस मला जे सांगायचे होते, ते त्यांनी एका शब्दाशिवाय सांगितले.