माझ्या पाठीवरची चकती

मित्रांनो, व्हर्मांटच्या डोंगरातल्या एका घरात, कोरड्या भिंतीवर मी टांगलेली असते. नेहमी रिकामी, आत गोळी कधीच नसते. मी एक जुनी शिकारी रायफल आहे. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. हात लागून लागून तो गुळगुळीत झाला आहे. आधी ऑरिनच्या वडिलांनी मला वापरलं, मग ऑरिनने. शिकारीच्या हंगामात, नोव्हेंबरात, हरणाचं मांस घरी आलं की माझंही कौतुक होई.

पुढे ऑरिनचे डोळे म्हातारे झाले. नेम धरताना नळीवर बसवलेल्या छोट्या पोलादी तुकड्यातली खाच, टोकाचा बारीक मणी, ज्याला माशी म्हणतात, आणि हरीण असं तिन्ही एका रेषेत दिसावं लागतं. त्याला खाच धुरकट दिसू लागली. लागोपाठ दोन वर्षं नेम चुकला. आमच्याकडे नेम चुकला की शिकाऱ्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापून रानातल्या खोपटात भिंतीला ठोकतात.

"ऑरिन, पुढच्या वर्षी उघडाच ये, शर्ट तरी वाचेल!" सोबती हसले. तोही हसला. पण घरी येऊन मुलीला, नोरीनला म्हणाला, "चुकली ते बरं. अर्धवट लागली असती तर? जनावर रानात तडफडत बसलं असतं. मी आता या रायफलीला भिंतीवरच राहू देतो."

"दुर्बीण बसवा ना, बाबा. सगळेच बसवतात."

दुर्बीण बसवायची म्हणजे स्क्रूंसाठी माझ्या अंगाला नवी भोकं. बंदुका दुरुस्त करणाऱ्या आर्मांने खडूने खुणा केल्या, तेव्हा माझा जीव अगदी टांगणीला लागला. पण ड्रिल लावण्याआधी त्याने माझ्यावरचा तेलकट मळ पुसला, आणि पाठीवरच्या, दस्त्यालगतच्या पोलादी पट्टीत दोन बारके स्क्रू उघडे पडले.

"अरे, हिला भोकं कारखान्यातच पाडलीत! नुसती बुजवून ठेवलीत. दुर्बिणीऐवजी इथे नेम धरायची जुन्या धर्तीची चकती बसेल."

ती चकती म्हणजे उभ्या दांडीवरचं पोलादी वर्तुळ, मधोमध छिद्र. त्याच दोन भोकांत ती घट्ट बसली. माझ्या अंगावर एक ओरखडाही आला नाही.

दुकानामागे कागदावर नेम धरून पाहिला. गोळ्या चहूकडे! ऑरिनचा चेहरा उतरला.

"जुनी खाच काढू दिली नाहीस ना? ती मधे येतेय," आर्मां म्हणाला.

"माझ्या बाबांनी कानशीने घासून केलीय ती."

"मग खिशात ठेव, नळीवर नको. आणि छिद्राकडे टक लावू नकोस. त्यातून बघ. फक्त माशी बघ. ती मधोमध आणायचं काम डोळा आपोआप करतो."

खाचेचा तुकडा निघाला. आता गोळ्या एकाच जागी लागल्या, फक्त जरा खाली. आर्मांने चकती किंचित वर सरकवली. पुढची गोळी बरोबर मधोमध!

"बाबा, दिसतंय?" सोबत आलेल्या नोरीनने विचारलं.

"दिसतंय गं. स्वच्छ दिसतंय," असं म्हणून ऑरिनने केवढा मोठा श्वास सोडला!

त्या नोव्हेंबरात बर्फावर हरीण उभं राहिलं. ऑरिनने घाई केली नाही. एकच गोळी सुटली. हरीण जागीच पडलं, त्याने दुसरं पाऊलही टाकलं नाही, ते तडफडलंही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एखाद्या कामात चाचपडू लागलं, तर ते काम त्याच्या हातून काढून घेण्याची घाई करू नका. आधी जवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला नीट दिसतंय ना?"