मामंजींसमोरची खुर्ची

"बसा ना," अधिकारी बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या.

द्वारका खुर्चीची पाठ धरून उभीच होती. औरंगाबादच्या त्या कचेरीत टेबलापलीकडे तिघं होते. या बाई, चष्मेवाले साहेब आणि तालुक्याचे मेंबर म्हणून आलेले नानासाहेब. तिचे सासरे. माहेरी, लासूर स्टेशनला जाते म्हणून ती घरातून निघाली होती. परगावच्या बालवाडीतल्या नोकरीसाठी मुलाखत आहे, हे तिनं सांगितलंच नव्हतं.

मामंजी ओसरीवर असले की ती मागच्या दारानं जायची. त्यांच्यासमोर टेकणं तर सोडाच, लग्न झाल्यापासून तोंडातून शब्द काढला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीही ती आतल्या खोलीतच रडली होती.

"मुलं रडायला लागली तर काय कराल?" साहेबांनी विचारलं.

उत्तर येत होतं. पण पदराआडून नुसतं पुटपुटणं निघालं.

"अहो, आम्हालाच ऐकू येईना, पोरांना काय ऐकू जाणार? जा. पुढच्या बाईंना पाठवा."

व्हरांड्यात माहेरची शेजारीण मेहरुन्निसा द्वारकाच्या लेकीला, चिंगीला मांडीवर घेऊन बिस्कीट भरवत होती.

"क्या गे, इत्ते में हो गया?"

"मामंजी बसलेत आत."

"तो? शेर हैं क्या?"

"कशी बसू गं त्यांच्याम्होरं?"

"सरकार की कुर्सी है, उनके अब्बा की नै! नै बैठी तो परसों फिर उनकेच चूल्हे के पीछे. तू भी, ये बच्ची भी."

चिंगीनं हातातलं ओलं बिस्कीट आईच्या ओठांना लावलं. द्वारकानं ते खाल्लं, तोंड पुसलं आणि पुढच्या बाई बाहेर येताच पुन्हा दार ढकललं.

या खेपेला ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेला, पण बसली.

"साहेब, मघाचं सांगते. रडतं लेकरू आधी गप करायचं नाय. कडेवर घ्यायचं. कशापायी रडतंय ते मग कळतं."

स्वतःचा एवढा मोठा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. बाई हसल्या.

मामंजी खिडकीकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "बाईंना लेकरू हाय. ते कुठं राहील?"

आयुष्यात पहिल्यांदाच ते तिला काही विचारत होते.

"माझ्याजवळ," द्वारका म्हणाली. "जिथं नेमाल तिथं."

नानासाहेब उठले. "साहेब, ही माझी सून हाय. माझं मत धरू नका." आणि बाहेर गेले.

बाईंनी आणखी थोडं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "कागद येईल. सामानाची तयारी ठेवा."

ती बाहेर आली, तर चिंगी आजोबांच्या कडेवर होती. द्वारका पदर ओढून खांबाआड झाली.

"चिंगे," सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं ते नातीशी बोलले, "तुझ्या आजीला काय सांगू गं मी?"

द्वारकाच्या ओठांवर बरंच काही आलं. आत बोलता आलं होतं, इथं येईना. चिंगी त्यांच्या मिशा ओढत होती. त्यांनी तिची मूठ सोडवली. मग लेकराला मेहरुन्निसाकडे देऊन निघाले.

घरी हा माणूस कधी कशाचा आधार घेत नसे. आता पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला होता, आणि जमिनीला पाय लागल्यावरही सोडला नव्हता.