मैथिलीचा लाल खांब

क्लासच्या ॲपवर मुलांची प्रगती पाहण्याची सवय आता आपल्या घराघरांत रुजली आहे. डोंबिवलीच्या हेमालाही ती होती. शुक्रवारी संध्याकाळी तिने ॲप उघडले आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या पाचवीतल्या लेकीच्या, मैथिलीच्या नावापुढे ‘अपूर्णांक’ या धड्यावर लाल खांब उभा होता. शंभरपैकी चोपन्न! खाली लिहिले होते, ‘कच्ची. प्राथमिक तुकडी सुचवत आहोत.’

“उद्याच क्लासला कळवते, स्कॉलरशिपच्या तुकडीतून काढा हिला म्हणून.”

“आई, नको ना! मला तीच तुकडी आवडते.”

“आवडून काय उपयोग? लाल दिसतंय ना?”

मैथिलीने समोरचे गणित अर्धवट सोडले. “जाऊ दे, मी कच्चीच आहे,” ती पुटपुटली.

शेजारच्या आसावरीबाई विरजण मागायला आल्या होत्या. हेमा आणि तिचा धाकटा भाऊ साकेत, दोघेही शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेले. हे ॲप बनवणाऱ्या ठाण्याच्या कंपनीतच साकेत नोकरीला होता आणि आज बहिणीकडे जेवायला आला होता.

“साकेत, हे चोपन्न आले कुठून रे?” बाईंनी विचारले.

“पाच प्रश्नांवरून, बाई. त्यावरून ॲप अंदाज बांधतं.”

“अंदाज कितपत पक्का?”

साकेत घुटमळला. “खरं तर चाळीस ते सत्तर, कुठेही असू शकतो.”

“आणि खांब हिरवा कधी होतो?”

“साठच्या पुढे.”

“म्हणजे पोरगी हिरवीसुद्धा असू शकते!” हेमा ओरडली. “आणि तू गप्प बसलास?”

“अगं ताई, आधी आम्ही खांबावर फिकट पट्टा दाखवायचो, एवढ्यापासून एवढ्यापर्यंत. पालकांचे फोन यायचे, नक्की आकडा सांगा. मग मीच तो पट्टा काढून टाकला. स्क्रीन कशी स्वच्छ दिसते!”

“स्वच्छ दिसते. पण खरी दिसते का?” बाई शांतपणे म्हणाल्या. “हेमा, तुझं ब्लड प्रेशर एकदा जास्त आलं, तेव्हा डॉक्टरांनी लगेच कायमची गोळी लिहून दिली?”

“छे, आठवडाभर पुन्हा मोजायला सांगितलं.”

“मग लेकीचा निकाल एका मोजणीत लावतेस?”

“पण बाई, पट्टा बघून लोक गोंधळतात,” साकेत म्हणाला.

“काय गं हेमा, गोंधळलीस?”

“गोंधळते कसली! आत्ता कुठे शुद्धीवर आले!”

मैथिली हळूच म्हणाली, “बाई, म्हणजे मी कच्ची नाहीये?”

“ते अजून कुणालाच माहीत नाही, बाळा. ॲपलाही नाही. शोधू या आपण?”

त्यांनी तिला जवळ बसवले. बेरजा तिने चटचट केल्या. छेद वेगळे असलेल्या वजाबाकीत मात्र ती अडली. बाईंनी तेवढेच पुन्हा समजावले. साकेत ते पाहत राहिला. त्याच्या खांबाने यातले काहीच सांगितले नव्हते!

हेमाने क्लासला कळवले, “आणखी दोन चाचण्या होऊ द्या, मग ठरवू.” सोमवारी कंपनीत साहेबांशी वाद घालून साकेतने तो फिकट पट्टा ॲपवर परत आणला. खाली त्याने स्वतः ओळ लिहिली, ‘हा पाच प्रश्नांवरचा अंदाज आहे.’

पालकहो, आकडा दिसला की आपल्याला वाटते, सगळे कळले. तो किती थोड्या माहितीवर उभा आहे, हे आधी विचारा. आणि आकडे मांडणाऱ्यांनो, जे ठाऊक नाही तेही चित्रात दाखवा. ‘अजून माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही. तिथूनच तर शिकवणे सुरू होते!