मनकर्णाबाईचे पाय

पायाची बोटे तळव्याकडे वळवली की तळव्याच्या पुढच्या भागात एक खळगा पडतो. बोटे सरळ केली की तो नाहीसा होतो. मनकर्णाबाईंना तो आज दुसऱ्या खेपेला सापडला. त्यांनी त्यात अंगठा रोवला आणि पाण्याच्या पाटापलीकडे बसलेल्या नत्थुजींकडे पाहिले.

“इथंच ना?”

“तिथंच. दाबून धरा, वयनी. श्वास सोडा, मंग हात सोडा.”

नत्थुजी शेजारच्या मळ्याचे. पलटणीबरोबर बोटीतून चीनच्या लढाईवर जाऊन आले होते. येताना एक अधू पाय आणि एक सवय घेऊन आले. दुपारी बांधावर बसून ते स्वतःचेच तळवे, नडग्या, मनगटे दाबत. लोक आधी हसले, मग त्यांना त्याची सवय झाली. मनकर्णाबाईंनी मात्र मागच्या आठवड्यात आपणहून विचारले होते. परक्या बाईचा पाय हातात धरता येत नाही, म्हणून नत्थुजी स्वतःच्या पायावर दाखवत आणि त्या पाटाच्या अलीकडून पाहून आपल्या पायावर शोधत.

“आता गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आडवी ठेवा. तिथून नडगीच्या जरा बाहेर.”

“बोटं माहीच?”

“तुमचीच. माही बोटं तुमच्या पायाले काय कामाची?”

त्यांनी बोटे ठेवली. दाबल्यावर कळ थेट घोट्यापर्यंत उतरली.

“तिकडे म्हताऱ्या बाया सकाळी उन्हात बसून आपले पाय आपनच दाबते,” नत्थुजी म्हणाले. “कोनाले हाक मारत नाही.”

“सुना नाही का त्याईले?”

“आहेत ना. त्याही बाजूले बसून आपआपले दाबते.”

“दुखनं जाते का पन?”

“जात नाही. थोडं सरकून बसते.”

मनकर्णाबाईंना तेवढेच हवे होते.

त्यांचा मुलगा भगवंत वर्षभर अकोल्याकडे होता. तिकडे आगगाडीच्या पुलाचे काम चालले होते आणि तो बैलगाडीने दगड वाहत होता. बायकोला बरोबर नेऊ का, असे त्याने दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर दुसऱ्यांनीच दिले. मनकर्णाबाईंच्या जावेने दिले, शेजारणींनी दिले. म्हातारीचे पाय कोण चेपणार? यावर भगवंत गप्प बसला. मनकर्णाबाईही गप्प बसल्या, आणि त्यांचे गप्प बसणे हाच नकार ठरला.

खरे तर त्यांनी नकार दिला नव्हता. पण दिवेलागणीनंतर सून जयवंता पायाशी येऊन बसे, ती वेळ त्यांना सोडवत नव्हती. नवरा, सहदेवराव, गेल्यापासून त्यांच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात लागत होता तो एवढाच. जयवंता बोटे ओढता ओढता दिवसभराचे सांगे. कोणाच्या शेतात कापूस किती फुटला, इंग्रजाचा कोण दलाल घोड्यावरून आला, वेचणाऱ्या बायांत कोण कोणाला काय बोलले. यंदा अमरावतीभोवती जिकडे तिकडे कापूसच होता आणि जयवंता उजाडल्यापासून वेचणीला जात असे. बोंडांची टोके लागून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. अलीकडे सांगता सांगता तिचे शब्द थांबत. हात पायावर तसाच राही आणि मान खाली जाई. मनकर्णाबाई तिला उठवत नसत. हलतही नसत.

नत्थुजी लंगडत निघून गेले. मनकर्णाबाई एकट्याच दुसरा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तेव्हा पार्बताबाई वांगी घ्यायला मळ्यात आली. गावाच्या तटाला खोलापुरी गेट होते, त्याच्या आतली ही बाई. तिच्या कानावर आलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत गावभर होई.

“काय व मनकर्णा, सून मेली का तुही?”

“असं काहून बोलतं?”

“मंग आपले पाय आपनच? लोकाईच्या सुना तेल लावून चेपते. तुही रानी कापसात मिरवून राहिली.”

“शिकून राहिली मी.”

“हे काय शिकाची गोष्ट आहे?” पार्बताबाईने वांगी ओच्यात घेतली. “झाक बापा, झाक. पोरीची चूक मायच झाकते.”

संध्याकाळी जयवंता आली. केसांत कापसाचे पुंजके तसेच होते. पाणीही न पिता ती सासूच्या पायाशी बसली आणि दाबू लागली. रोजच्यापेक्षा जोर जास्त होता.

“मी कुठं कमी पडली, आत्याबाई?”

“कोन म्हनते?”

“वावरात साऱ्याच म्हनत होत्या.”

तेव्हाच सांगायला हवे होते. मनकर्णाबाईंनी तोंड उघडलेही. पण त्या गरम, खरखरीत बोटांनी टाच धरली होती, आणि त्या एवढेच म्हणाल्या, “जरा वर दाब.”

जयवंताने वर दाबले. त्या संध्याकाळी तिने काहीही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंत आला. गेटाशीच त्याला पार्बताबाई भेटली असावी. बैल सोडण्याआधीच तो अंगणातून ओरडला.

“कुठं गेली ते?”

जयवंता शेणाच्या हाताने बाहेर आली. मनकर्णाबाईंची शेजारी राहणारी जाऊ कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघी होत्या.

“माह्या मायचे पाय दाबाले होत नाही तुह्यानं? म्हतारी बांधावर बसून आपले पाय दाबते, अन् गाव पाहते. मी तिकडे दगडं ओढून राहिलो, ते कोनासाठी?”

जयवंताने मनगटानेच पदर पुढे ओढला. ओढलेल्या पदराखाली तिची हनुवटी तेवढी दिसत होती.

“यंदा न्यायले आलो होतो,” भगवंत म्हणाला. “आता नाव काढू नको. इथंच राय. माय आहे तोवर इथंच.”

“बरोबर आहे बाप्पा,” जाऊ कुंपणावरून म्हणाली. “सुनेची जागा सासूच्या पायाशी.”

मनकर्णाबाई ओसरीवर होत्या. त्यांनी लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला, पाय मांडीवर ठेवला आणि सगळ्यांसमोर तळव्यात अंगठा रोवला. त्यांनी एक पाय पुरता केला. मग दुसरा घेतला. कुणीही जागचे हलले नाही.

“माय, हे काय करून राहिली?” भगवंतने हळू आवाजात विचारले.

“पाहून घे. नत्थुजीकडून शिकली मी. आठ दिवस झाले. हिले मालूम नव्हतं. हिनं एक दिवस खाडा केला नाही. बोटं पाह्य तिची.”

भगवंतने बोटे पाहिली नाहीत. तो आईकडेच पाहत होता.

“मंग शिकली कायले?”

जयवंता पुढे आली आणि सवयीने त्यांच्या पायांकडे वाकली. मनकर्णाबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. जयवंताचे हात रिकामे राहिले. मनकर्णाबाईंनी ते पाहिले आणि नजर दुसरीकडे नेली.

“जाऊबाई,” त्या कुंपणाकडे पाहून म्हणाल्या, “दोन खेपा माह्यासाठी तुमीच बोलल्या. आता मले बोलू द्या.”

“अन् तुह्याजवळ कोन राहीन?” भगवंत म्हणाला.

“मळा आहे. वांगे तोडाले दोन पाय लागते, ते आहेत.”

मग त्या सुनेकडे वळल्या.

“हात धुऊन ये, जयवंता. अन् तुहं गाठोडं बांध. तू अकोल्याले जाशीन. मी म्हनून राहिली.”