जिभेखालची दहा मिनिटं

"तोंड मिटा बाई. आता दहा मिनिटं एक शब्द नाही," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

व्यसनमुक्ती केंद्रातला हा रोजचा नेम. घरून यायचं, तलफ आवरणारी गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, बोलायचं नाही. शिवणवाल्या बाईंना हे मौन महाकठीण. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणारी ही बाई. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी "कशा आहात?" विचारलं, यांनी "बरी आहे" म्हटलं, आणि गोळी पोटात! पोटात गेलेली गोळी वायाच. तो दिवस बाईंनी अंथरुणात थरथरत काढला होता.

आज दोन मिनिटं होताहेत तोच दार उघडलं. मुलगी आली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "घरी बघायला कुणी नाही. येशील?"

बाईंचा जीव गलबलला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"त्यांना आत्ता बोलता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

"बरंच झालं. मग ऐक." मुलगी समोरच्या बाकावर बसली. "डॉक्टर दुखण्यावरच्या गोळ्या देणारेत. आजीला शेवटी होत्या ना, तसल्याच. आजी कळवळत होती आणि मी डॉक्टरांशी भांडत होते, औषध लागू पडत नाही म्हणून! तिच्या गोळ्या तू खात होतीस आणि डबीत साध्या भरून ठेवल्या होत्यास. आई, ती तुझी आई होती गं."

बाईंकडे कारणं तयार असत. मशीनवर वाकून गेलेली कंबर, डॉक्टरांनीच दिलेली पहिली चिठ्ठी. शंभरदा सांगून झाली होती. आज सांगता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड मिटलेलं होतं. मुलगी एवढं सलग आपल्याशी कधी बोलली होती, हे त्यांना आठवेना. आपणच बोलू दिलं नव्हतं.

"झाली वेळ. आ करा," सिस्टर म्हणाल्या. "जीभ वर."

मुलीसमोर बाईंनी तोंड उघडलं, जीभ वर केली. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीनं मान फिरवली, मग पुन्हा पाहिलं.

"हो. मीच केलं," बाई म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "मी तुझ्या घरात नाही येणार."

"काय?"

"त्या गोळ्या आहेत तोवर नाही. माझा अजून माझ्यावर भरवसा नाही. शेजारच्या काकूंना सोबतीला बोलाव. जेवण मी आणेन, दोन्ही वेळचं. दारात ठेवेन."

मुलगी उठली आणि निघून गेली. याच बोलावण्यासाठी चार महिने बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

ऑपरेशन होऊन मुलगी घरी आली त्या दुपारी बाई डबा घेऊन जिना चढल्या. दर पाच पायऱ्यांवर थांबत, कंबर धरत. आपण डबा ठेवायचा, कडी वाजवायची आणि परत फिरायचं, असं ठरवूनच आल्या होत्या.

दाराबाहेर एक खुर्ची मांडलेली होती. पाठीशी उशी लावलेली.

त्यांनी कडी वाजवली. आतून "तू थांब, मी ओढते," असा काकूंचा आवाज आला आणि दुसरी खुर्ची सावकाश दारापर्यंत सरकली.