अकरा अंश डावीकडे

आमच्या झेंड्यातला तारा कललेला का, याचं उत्तर चौथीच्या पुस्तकात आहे. वरचा पांढरा पट्टा शांतीचा, खालचा मातकट पट्टा मातीचा, पांढऱ्यावरचा तांबडा तारा त्यागाचा आणि त्याचा तो डावीकडचा कल म्हणजे ‘वाटेत मागे राहिलेल्यांकडे वळून पाहणारी माया’. परीक्षेत हा प्रश्न चार गुणांना येतो.

मी खरं उत्तर लिहिलं असतं तर मला भोपळा मिळाला असता. कारण तो तारा माझ्या ताईनं लावला होता, आणि ताई डावखुरी होती. बास, एवढंच.

देश नवा झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, मी नऊची. ती एका शिंप्याकडे कामाला जायची. त्या मास्तरांकडे एका सकाळी कागदावर काढलेलं चित्र आलं आणि सोबत निरोप आला, संध्याकाळी झेंडा न्यायला गाडी येईल. मास्तरांनी पट्टे जोडले आणि ताऱ्याचं नाजूक काम ताईच्या पुढ्यात टाकलं. डावखुरी माणसं लिहिताना कागद तिरका ठेवतात. ताईनं सवयीनं कापड तसंच तिरकं घेतलं आणि तारा आपल्या नजरेला सरळ लावला. ती बसली होती तिथून पाहिलं तर तो सरळच होता. चूक कळली ती झेंडा खांबावर चढल्यावर, आणि तेव्हा खाली हजारो माणसं टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. गावोगावच्या शिंप्यांनी तो समोर ठेवून झेंडे शिवले. पंधरवड्यात एका पुढाऱ्यानं भाषणात त्या कलाचा अर्थही सांगून टाकला. ताई घाबरून मास्तरांकडे गेली, तर ते म्हणाले, “तोंड शिवून घे.” शिवणारीला दिलेला हा सल्ला तिनं जन्मभर पाळला.

घरात मात्र तोंड उसवायचं. “मागे कोण राहिलं होतं गं? मागे एक चिंधीसुद्धा राहिली नव्हती!” किंवा, “मागच्या बाजूनं बघा म्हणावं. तिकडून तारा उजवीकडे कलतो. तिकडून मी चारचौघांसारखी.”

हसायची, पण झेंड्याकडे कधी मान वर करून पाहायची नाही. समारंभात ती खाली मान घालून उभी राहिली की लोक म्हणायचे, बघा, किती भक्तिभाव!

पुढे आम्ही दोघी सरकारच्या झेंडेखात्यात लागलो. एका टेबलावर, शेजारी शेजारी, अठ्ठावीस वर्षं. ती माझ्या उजव्या हाताला बसायची, त्यामुळे तिचा डावा कोपर आणि माझा उजवा दिवसातून शंभरदा भांडायचे.

“सरक की जरा.”

“तू सरक. मी मोठी आहे.”

“मोठी आहेस म्हणून जास्त जागा?”

“म्हणून तर.”

पत्र्याचा साचा होता, त्याला तो कल होता, आणि ताई स्वतःचीच चूक रोज वीस-पंचवीसदा, मन लावून, बरोबर करायची. झेंड्याच्या कामात उलटी बाजू नसते, दोन्हीकडून लोक बघतात, म्हणून गाठी कापडाच्या आत लपवाव्या लागतात. ताईची गाठ शोधून सापडायची नाही.

तिचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत वारला आणि माझं लग्न जमलंच नाही. म्हणजे एकदा जमलं होतं, पण तो किस्सा विनोदी आहे आणि लांबतो. तर दोन खोल्यांत आम्ही दोघी. गेल्या वर्षी ती गेली. दवाखान्यात तिची खाट खिडकीशी होती. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा झेंडा दिसायचा.

“पडदा ओढ,” ती म्हणाली.

“अगं, छान वारा येतोय.”

“वारा येऊ दे. तो नको.” मग जरा वेळानं, “माझ्यामागं कुणी विचारलंच, तर सांगून टाक. चुकलं होतं म्हणावं. सरळ करून घ्या.”

मी हो म्हटलं. आजारी माणसाला हो म्हणायला काय जातं? चाळीस-बेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आता कोण विचारणार!

ती गेल्यावर घर डाव्या हाताचंच राहिलं. कडी तिच्या सोयीची, सुयांची डबी तिच्या बाजूला, आणि तिची कात्री तर माझ्या हातात कापडाला नुसती चावते. कामावर माझा उजवा कोपर शिवता शिवता बाजूला जायचा आणि हवेत थांबायचा. पण बसनं घरी परतताना मी एक खेळ शोधला होता. पोस्टावर झेंडा, ताई. शाळेवर झेंडा, ताई. कचेरी, जकातनाका, दवाखाना. ताई, ताई, ताई. पाऊण तासात सतरा वेळा भेटायची. जिवंत होती तेव्हाही इतकी बोलायची नाही.

आणि कुणीतरी विचारायला आलंच.

आम्ही त्यांना मोजणीसाहेब म्हणू लागलो, कारण ते बोलण्याआधी मोजायचे. तिशी-पस्तिशीचे, नीट भांग, बगलेत फाईल. त्यांनी आमचा साचा टेबलावर ठेवला, वर कोनमापक ठेवला आणि म्हणाले, “अकरा अंश.”

“असतील,” मी म्हटलं.

“बाहेरचे कारखाने कुणी नऊ करतात, कुणी चौदा. मावशी, आता कायद्यात एकच आकडा घालायचाय. समितीचं म्हणणं असं, की कल मुद्दाम दिलेला असेल तर अकरा अंश कायम करू. नजरचुकीनं आलेला असेल तर मूळ चित्राप्रमाणे सरळ करू. पण मूळ कारागिरांपैकी कुणी उरलं नाही. तारा लावला तुमच्या ताईंनी, आणि तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण.”

“म्हणजे मी सांगेन तसं होणार?”

“तुमचा जबाब हाच पुरावा.” मग ते जरा पुढे वाकले, आवाज घरगुती झाला. “खरं सांगू? मुद्दामच असणार, मला खात्री आहे. माझ्या मुलीनं याच ताऱ्यावर भाषण केलं, पहिलं बक्षीस आलं.”

दारातून काज करणारी आमची मैत्रीण डोळे वटारत होती. तिला आम्ही काजवालीच म्हणतो. ती पाण्याचं निमित्त काढून माझ्या कानाशी आली. “अगं, मुद्दाम म्हण आणि मोकळी हो. तुझ्या ताईचं नाव होईल.”

नावाचं मला काही नव्हतं. मला ते सतरा झेंडे दिसत होते.

“मुद्दाम,” मी म्हटलं.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: ‘तारा जाणीवपूर्वक कलता लावला.’ मला जरा गार वाटलं, पण वाईट नाही. थंडीत गोधडी अंगावर ओढताना आधी गार लागते ना, तसं.

“आता त्यांचे शब्द,” ते म्हणाले.

“कुणाचे?”

“ताईंचे. याबद्दल त्या तुमच्याशी काय बोलायच्या? अगदी त्यांच्या तोंडचं हवं. जबाबाला त्यानं वजन येतं.”

मी तोंड उघडलं. म्हटलं, “ती म्हणायची... की जे मागे राहिले...”

लिहिणारं पेन माझ्यासाठी थांबलं होतं. मी ताईला ते वाक्य म्हणायला लावून पाहिलं. मनातल्या मनात तिला आमच्या स्वयंपाकघरात उभं केलं, हातात भांडं दिलं, आणि म्हटलं, बोल. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडात ते बसेना. पुढाऱ्याच्या तोंडात बसलं, पुस्तकात बसलं, साहेबांच्या मुलीच्या तोंडात तर बक्षीस मिळण्याइतकं बसलं. ताईच्या आवाजात मात्र एवढंच ऐकू येत होतं, चुकलं गं.

तारा मी खोटा करू शकले असते. तिचं बोलणं खोटं करता येईना. झेंडे सतरा होते, पण तो आवाज आता फक्त माझ्याकडे होता, आणि त्यात मी एक जरी वाक्य घुसडलं असतं तर पुढे मलाच कळलं नसतं की तिचं कुठलं आणि माझं कुठलं.

“खोडा,” मी म्हटलं.

“अं?”

“वरचं खोडा, साहेब. लिहा, ताई म्हणायची, चुकलं होतं. कापड तिरकं घेतलं होतं. सरळ करून घ्या.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मावशी, एवढी वर्षं मुलं शिकतायत...”

“चार गुण सगळ्यांना देऊन टाका.”

काजवालीनं कपाळाला हात लावला. साहेबांनी एक ओळ खोडली, फार हळू, पट्टी लावून. मी खाली सही केली.

पाच महिन्यांनी नवा साचा आला. माझ्या हातांना सरळ तारा लावताच येईना. पहिले सहा झेंडे उसवावे लागले, कारण हात आपोआप डावीकडे वळायचा. सातवा जमला.

बदलाच्या दिवशी मी रजा काढून कचेरीच्या चौकात गेले. पुस्तकाचं नवं पान अजून छापून यायचं होतं, बातमी कुठेतरी आतल्या पानावर. शिपायानं दोरी ओढली, झेंडा वर गेला, वाऱ्यानं उलगडला. तारा सरळ होता, पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखा ताठ. मी मान वर करून नीट पाहिला. मग आजूबाजूला पाहिलं. एक माणूस चप्पल झटकत होता. दोघी भाजीच्या भावावरून घासाघीस करत होत्या. कुणीच थांबलं नव्हतं.

बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला राहवलं नाही. “अहो, झेंड्यात काही बदललंय का हो?”

तिनं डोळ्यांवर हात धरून प्रामाणिकपणे पाहिलं. बराच वेळ.

“धुतलाय वाटतं,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटलं. “धुतलाय.”

“बसा ना,” म्हणत तिनं पिशवी उचलून जागा केली. मी तिच्या डाव्या बाजूला बसले. तिनं हात आवरून घेतले होते, माझ्या कोपराला कुठेच लागत नव्हते.